शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या काचा कशा वाचाव्यात : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिसहून एका दिवसात शार्त्रला जाऊन येणाऱ्या बहुतेकांचा दिवस एकाच पद्धतीने वाया जातो. ऐन दुपारी आत शिरायचं, डोळ्यांपुढे अंधारी येते तेवढ्यात मान वर करून निळ्या-लाल काचांवरून नजर फिरवायची, चार फोटो काढायचे आणि अर्ध्या तासात बाहेर पडून जेवायची जागा शोधायची. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. या एका इमारतीत १७६च्या आसपास रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, सगळ्या मिळून सुमारे २,६०० चौरस मीटर काच. त्यातली बहुतेक १२०५ ते १२४०च्या दरम्यानची आणि अजून जागच्या जागी आहे. एवढ्या पसाऱ्यात सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

म्हणून या लेखात सगळं कॅथेड्रल दाखवायचा अट्टहास नाही. आठ-दहा खिडक्या निवडल्या आहेत आणि सूर्य ज्या बाजूला असेल त्या क्रमाने लावल्या आहेत. त्या नीट पाहिल्या की उरलेल्या स्वतःच्या स्वतः वाचता येतात.

निघण्याआधी

दोन गोष्टी हव्यात : दुर्बीण आणि थोडंसं वाचन.

दुर्बिणीशिवाय वरच्या खिडक्यांचा नाद सोडा. छत सुमारे ३७ मीटर उंच आहे, म्हणजे दहा-बारा मजल्यांची इमारत, आणि वरच्या रांगेतल्या आकृत्या नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारख्या दिसतात. घेताना ८×४० (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) किंवा ८×४२ घ्या. दहा पटीची घेतली तर मान वर असताना हात थरथरतो आणि चित्र हलत राहतं. ८×२१सारखी खिशातली चिमुकली दुर्बीण भर उन्हात मैदानावर ठीक असते, पण आतल्या मंद उजेडात तिचा उपयोग नाही, कारण तिच्यातून डोळ्यापर्यंत पुरेसा प्रकाश पोचत नाही. (४० भागिले ८ म्हणजे ५ मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत, आणि २१ भागिले ८ म्हणजे जेमतेम अडीच. अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा हा फरक लगेच जाणवतो.)

वाचनाचं म्हणाल तर, या खिडक्यांवरच्या गोष्टी बायबलमधल्या आणि संतचरित्रांतल्या आहेत. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर सेतू बांधणारी वानरं दिसली की कुणाला विचारावं लागत नाही. तेराव्या शतकातल्या शार्त्रकराचं या काचांशी तसंच नातं होतं. आपलं तसं नाही, म्हणून आदल्या रात्री मराठी बायबलमधले एवढेच उतारे वाचून जा : उत्पत्ती, अध्याय १ ते ४ आणि ६ ते ९ (आदाम-हव्वा, काइन-हाबेल, नोहा), लूक १०:२५-३७ (चांगला शोमरोनी), योहान २:१-११ (काना गावचं लग्न), यशया ११:१ (इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा). अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ते केलेला माणूस आणि न केलेला माणूस एकाच खिडकीपुढे उभे राहिले तर दोघांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

गाडी

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीईआर, म्हणजे प्रादेशिक रेल्वेच्या गाड्या सुटतात. साधारण तास-सव्वा तास लागतो. स्टेशनवरच्या फलकावर शार्त्रचं नाव शेवटचं असेलच असं नाही. बऱ्याच गाड्या पुढे नोजां-ल-रोत्रू किंवा ल मांला जातात, तेव्हा मधल्या थांब्यांची यादी वाचा. ही भरधाव तेजेवे गाडी नव्हे. जागेचं आरक्षण नसतं, मिळेल तिथे बसायचं. चाकाची मोठी बॅग बरोबर असेल तर ती पॅरिसच्या हॉटेलात किंवा मोंपार्नासच्या लॉकरमध्ये ठेवूनच निघा. कॅथेड्रलच्या दारात बॅगा तपासतात.

शार्त्र स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मनोरे समोरच दिसतात. हलक्या चढाने दहा मिनिटांत पोचता. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून घ्या.

कॅथेड्रल रोज सकाळी ८.३० ते संध्याकाळी ७.३० उघडं असतं आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. रविवारी सकाळी मुख्य मिस्सा (सामूहिक उपासना) असते. मिस्सा चालू असताना आत हिंडता येत नाही. काचा पाहायला जायचं असेल तर रविवार सकाळ सोडून बाकी कुठलाही दिवस चालेल. शुक्रवार का चांगला, ते पुढे येईलच.

इमारतीची दिशा

हा मुद्दा प्रवासी पुस्तिकांमध्ये सहसा नसतो, आणि दिवसाचं सगळं वेळापत्रक त्याच्यावर ठरतं.

युरोपातल्या जुन्या चर्चचं मुख्य दार पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला असते. शार्त्रमध्येही बोलताना तसंच म्हणतात : 'पश्चिम दार', 'उत्तर गुलाब', 'दक्षिण गुलाब' (गुलाब म्हणजे पाकळ्यांसारख्या रचनेची मोठी गोल खिडकी). प्रत्यक्षात ही इमारत जवळजवळ ४५ अंशांनी वळलेली आहे. वेदी ईशान्येकडे आहे, मुख्य दार नैर्ऋत्येकडे. त्यामुळे ज्याला 'दक्षिण' बाजू म्हणतात ती खरं तर आग्नेय आहे, तिच्यावर ऊन सकाळी येतं. 'पश्चिम' खिडक्या दुपारी तीननंतर पेटतात. 'उत्तर' बाजू वायव्येकडे असल्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावर थेट ऊन पडतं. हिवाळ्यात मात्र जवळजवळ नाहीच.

तेव्हा क्रम असा : सकाळी दक्षिण, दुपारी पश्चिम, संध्याकाळी उत्तर. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक खिडकी तिच्या सगळ्यांत फिक्या वेळी दिसेल.

आभाळ भरून आलं असेल तर नाराज होऊ नका. पांढऱ्या, उजळ ढगांचा दिवस काचा *वाचायला* उन्हापेक्षा बरा असतो. सगळीकडून सारखा उजेड येतो, काळोखे कोपरे राहत नाहीत. ऊन हवं ते रंगाच्या थरारासाठी. वाईट दिवस म्हणजे डिसेंबरातला काळपट, पावसाळी दिवस, आणि त्या दिवशी चार वाजताच मावळतीला लागतं.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

काहीही पाहू नका. मुख्य दालनातल्या एखाद्या खुर्चीवर बसा. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना मंद प्रकाशाची सवय व्हायला दहा मिनिटं तरी लागतात, आणि तोवर रंग नीट उमटत नाहीत. फोनही बाहेर काढू नका. एकदा पडद्याकडे पाहिलं की सवय झालेले डोळे पुन्हा पहिल्यापासून.

बसल्या बसल्या इमारतीचा सांगाडा समजून घ्या. लांबलचक मुख्य दालन, त्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या पडव्या, मध्ये आडवे दोन हात, पुढे वेदीचा भाग आणि त्याच्या मागून वळसा घालणारी वाट. या वाटेला आपल्या भाषेत प्रदक्षिणामार्ग म्हणायला हरकत नाही, कामही तेच : दर्शनाला आलेल्यांची रांग पूजेत व्यत्यय न आणता फिरून जावी. शार्त्रला ही गर्दी खरोखर असे. येशूची आई मरिया हिचं म्हणून मानलं जाणारं एक वस्त्र इथे आहे; ते ८७६ साली राजा शार्ल द बाल्डने दिलं असं सांगतात. १० जून ११९४ला जुनं कॅथेड्रल जळालं तेव्हा वस्त्रही गेलं असं लोकांना वाटलं. तिसऱ्या दिवशी ते तळघरातून सुखरूप बाहेर आलं, आणि पुन्हा बांधकामाला पैसा नि माणसं दोन्ही मिळाली. मुख्य बांधकाम १२२०च्या सुमाराला उरकलंसुद्धा. युरोपातली कित्येक कॅथेड्रलं तीन-तीनशे वर्षं रखडली. इथे एकाच पिढीचा हात फिरला, म्हणून इमारत एकजिनसी वाटते.

भिंती इतक्या पांढऱ्या पाहून जुने फोटो पाहिलेल्यांना धक्का बसतो. २००९नंतरच्या दुरुस्तीत शतकांची काजळी काढून तेराव्या शतकातला फिकट पिवळसर लेप उघडा केला. त्यावर बराच वाद झाला. प्रदक्षिणामार्गाच्या उत्तरेला खांबावरची मरिया आहे, सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती. ती पिढ्यान्‌पिढ्या 'काळी' म्हणून पूजली गेली. साफसफाईनंतर तिचा चेहरा गोरा निघाला. भक्त चिडले, तज्ज्ञ म्हणाले मूळ रंग हाच. आपल्याकडे मूर्तीच्या वज्रलेपावरून होणारे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना दोन्ही बाजूंची वाक्यं ओळखीची वाटतील.

खिडकीचं व्याकरण

आधी काच पाहू नका, लोखंड पाहा. प्रत्येक खिडकीत जाड लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आहे, त्यावर काचेचे तक्ते बसवलेले आहेत. बाराव्या शतकातल्या खिडक्यांत हा सांगाडा सरळ चौकटींचा आहे. तेराव्या शतकातल्या खिडक्यांत त्याला वर्तुळं, शंकरपाळ्या आणि चार पाकळ्यांचे आकार आले. हे आकार म्हणजे गोष्टीचे परिच्छेद. एका चौपाकळीत मधला प्रसंग आणि भोवतीच्या चार पाकळ्यांत त्याचेच तुकडे, असं बऱ्याचदा असतं.

वाचायचं खालून वर, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. मराठी वाचणाऱ्याची नजर सवयीने वरून खाली घसरते आणि गोष्ट शेवटाकडून सुरू होते. अगदी तळाच्या तक्त्यांत बहुतेकदा गोष्टच नसते. तिथे देणगीदारांची चित्रं असतात : चांभार, सुतार, पावाचे भट्टीवाले, कातडी विकणारे, सराफ, आपापल्या धंद्यात गुंतलेले. सातव्या ओळीतल्या संतापेक्षा तळातला हा माणूस जास्त जवळून दिसतो आणि बऱ्याचदा जास्त जिवंत असतो.

काही खिडक्यांत क्रम नागमोडी जातो. ओळ लागत नसेल तर दोन ओळखीचे प्रसंग शोधा आणि त्यांच्यामधली वाट जुळवा.

काच रंगवलेली नाही, हेही एकदा लक्षात घ्या. रंग वितळलेल्या काचेतच मिसळलेला असतो; निळ्यासाठी कोबाल्ट. त्या रंगीत काचेचे तुकडे कापून त्यांवर फक्त काळसर रेषांनी डोळे, बोटं, वस्त्रांच्या घड्या काढतात, भट्टीत भाजतात, आणि शिशाच्या पट्ट्यांनी तुकडे जोडतात. दुर्बिणीतून चेहरा पाहिलात तर भुवई आणि नाक अनेकदा एकाच फटकाऱ्यात काढलेलं दिसेल.

खिडक्यांना अभ्यासकांनी क्रमांक दिले आहेत आणि पुस्तिकांत तेच वापरतात. वेदीमागच्या मधल्या खिडकीला ०, तिथून उत्तरेकडे विषम, दक्षिणेकडे सम. वरच्या रांगेचे क्रमांक १००पासून. पुढे जिथे हवेत तिथे दिले आहेत.

सकाळ : दक्षिण बाजू

मुख्य दालनाच्या दक्षिण पडवीतली, दारापासून तिसरी खिडकी, क्रमांक ४४. पहिलं वाचन हिच्यावर करा, कारण ती सगळ्यांत सरळ बोलते. तळाला चांभार : जोडे शिवताहेत, आणि आपण दिलेली खिडकी अर्पण करताहेत. वर शोमरोन्याची गोष्ट. प्रवासी यरुशलेमहून निघतो, लुटारू त्याला उघडा करून मारतात, याजक आणि लेवी पाहून पुढे जातात, परका शोमरोनी जखमा बांधून त्याला धर्मशाळेत नेतो. इथे गोष्ट संपली असं वाटतं, पण खिडकी अजून अर्धी बाकी असते. वर आदाम घडतो, हव्वा घडते, फळ खाल्लं जातं, दोघं बागेबाहेर, आणि पुढे काइन हाबेलला मारतो. दोन वेगळ्या गोष्टी एका खिडकीत का? मध्ययुगातल्या धर्मपंडितांच्या मते जखमी प्रवासी म्हणजेच स्वर्गातून हाकललेला मनुष्य, आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. खालची गोष्ट आणि वरचा तिचा अर्थ. ओवी आणि तिच्यावरचं निरूपण एकाच चौकटीत.

हिला अर्धा तास द्या. खरंच अर्धा तास.

मग दक्षिणेच्या आडव्या हातात या. गोल गुलाबाखाली पाच उभ्या खिडक्या आहेत. मधोमध मरिया, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार मोठे पुरुष आपापल्या खांद्यांवर चार छोटे पुरुष घेऊन उभे आहेत, जत्रेत बाप पोराला घेतो तसे. खालचे चार यिर्मया, यशया, यहेज्केल, दानीएल हे जुन्या करारातले संदेष्टे. वरचे चार लूक, मत्तय, योहान, मार्क हे शुभवर्तमान लिहिणारे. वरचे आकाराने लहान, पण त्यांना पुढचं दिसतं. 'आपण राक्षसांच्या खांद्यावर बसलेले बुटके आहोत' हे वाक्य याच गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या बर्नार्डचं म्हणून बाराव्या शतकात नोंदलं गेलं. काच त्यानंतरची आहे. तिच्यामागे तेच वाक्य होतं की नाही यावर पैज लावू नका, पण उभं राहून पाहिल्यावर दुसरं काही सुचत नाही.

याच हाताच्या पश्चिम अंगाला संत आपोलिनारिसच्या खिडकीत एक छोटं भोक ठेवलेलं आहे. खाली फरशीत एक पांढरट दगड तिरका बसवलेला आहे आणि त्यात पितळी खुंटी. २१ जूनच्या सुमाराला सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी आला, म्हणजे घड्याळात दुपारी दोनच्या जरा आधी, की कवडसा त्या खुंटीवर येतो. ही सोय १७०१ सालची. इतर दिवशी दगड ओळखून पुढे जावं.

आता प्रदक्षिणामार्गात शिरा आणि उजवीकडे पाहा. 'बेल व्हेरिएर', सुंदर काचेची मरिया, क्रमांक ३० ए. लोक हिचा फोटो काढून निघून जातात. इथे करायचं वेगळं आहे. मधल्या उभ्या पट्ट्यात मरिया मांडीवर बाळ घेऊन बसली आहे, मागे लाल. हे मधले तक्ते बाराव्या शतकातले, ११९४च्या आगीतून वाचलेले. भोवतीचे देवदूत आणि खालचे प्रसंग तेराव्या शतकात जोडले. तिच्या वस्त्राचा निळा पाहा, मग शेजारच्या देवदूताच्या मागचा निळा पाहा. पहिला फिका, पाण्यासारखा, आतून उजळलेला. दुसरा गडद, दाट. जुन्या निळ्या काचेत सोड्याचा अंश जास्त होता, ती काळाला पुरून उरली. नंतरची काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशवर केलेली, तिचा बाहेरचा पृष्ठभाग हवेने आणि ओलीने खड्डे पडून मळकट होतो. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की गाईडशिवाय कुठल्याही खिडकीचं शतक ओळखता येतं. तळाशी काना गावचं लग्न आहे. पाण्याचे रांजण शोधा.

तिच्या पुढची २८ ए मराठी माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मेष, वृषभ, मिथुन, कर्क... बारा राशी आणि प्रत्येकीशेजारी त्या महिन्याचं शेतातलं नाहीतर घरातलं काम. राशीचक्र आपल्याकडेही मूळचं पश्चिमेकडूनच आलं, त्यामुळे विंचू तोच आणि तराजूही तोच.

मधली वेळ

साडेबारापर्यंत डोळे आणि मान दोन्ही थकतात. बाहेर पडा. इथली हॉटेलं दुपारचं जेवण दोनपर्यंतच देतात, नंतर स्वयंपाकघर बंद. शाकाहाऱ्यांना क्रेपरी, म्हणजे घावनांची खानावळ, सोयीची : बकव्हीटच्या काळसर पिठाचा गॅलेत, आत चीज, मश्रूम, पालक. 'सां जांबों, सां उफ' म्हणा, म्हणजे हॅम आणि अंडं वगळतील.

जेवून परतताना मुख्य दारापुढे थांबा, तोवर ऊन तिरपं होऊन शिल्पं उठावदार झालेली असतात. ही तीन दारं ११४५ ते ११५५च्या दरम्यानची, म्हणजे तीही आगीतून वाचलेली. दोन्ही अंगांना खांबासारख्या ताठ, लांबट राजा-राण्या. चोवीसपैकी १९ उरल्या आहेत. उजव्या दाराच्या कमानीत सात विद्यांच्या मूर्ती आहेत. त्यात व्याकरण शोधा : हातात छडी घेतलेली बाई, पायाशी दोन पोरं, त्यातलं एक दुसऱ्याचे केस ओढतंय. संगीताच्या खाली पायथागोरस. डाव्या दाराच्या कमानीत पुन्हा राशी आणि महिने आहेत, पण मोजल्या तर दहाच भरतात. जागा पुरली नाही, म्हणून मीन आणि मिथुन उजव्या दाराच्या कमानीत नेऊन बसवल्या. तिथे त्या सापडतात, आणि सापडल्यावर आपल्या हाती काहीतरी लागल्यासारखं वाटतं.

मनोरे एकमेकांसारखे का नाहीत, हा प्रश्न सगळे विचारतात. साधा, गुळगुळीत शंकू आहे तो बाराव्या शतकातला, १०५ मीटर. शेजारचा नक्षीदार ११३ मीटरचा. १५०६मध्ये वीज पडून तिथलं जुनं लाकडी टोक जळालं, त्यावर झां द बोसने हा उभारला. छप्पर हिरवं दिसतं ते तांब्यामुळे. लाकडी सांगाडा १८३६च्या आगीत गेला, त्याजागी ओतीव लोखंडाचा घातला.

कॅथेड्रलच्या उत्तरेला दोन पावलांवर काचकलेचं केंद्र आहे, एका मध्ययुगीन कोठारात. तिथे काचेचे तक्ते डोळ्यांच्या उंचीवर लावलेले असतात. शिशाची पट्टी किती रुंद, काचेत बुडबुडे किती, रेषेवर कुंचल्याचे केस कसे उमटलेत, हे जवळून पाहायला दुसरी जागा नाही. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जा.

दुपार : पश्चिम खिडक्या आणि चक्रमार्ग

तीननंतर वेदीकडे पाठ करून मुख्य दालनाच्या मध्यावर उभे राहा. वर गोल गुलाब, खाली तीन उंच खिडक्या. या तिन्ही बाराव्या शतकाच्या मध्यातल्या आहेत आणि बेल व्हेरिएरमध्ये पाहिलेला तो उजळ निळा इथे सगळ्यांत जास्त आहे. उजवीकडची आधी घ्या : तळाशी इशाय आडवा झोपलेला, त्याच्या अंगातून झाड फुटलंय, फांद्यांवर राजे, मग मरिया, शेंड्यावर ख्रिस्त. वंशवृक्ष. मधली जन्मापासूनची कथा, डावीकडची शेवटच्या दिवसांची : भोजन, क्रूस, पुनरुत्थान. तिन्ही खालून वर.

पायाखाली पाहा. फरशीत गडद दगडांनी आखलेला सुमारे १२.९ मीटर व्यासाचा चक्रमार्ग आहे. इतर दिवशी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात आणि कित्येक जण त्यावरूनच चालत जाऊनही त्यांना तो दिसत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून १ नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी खुर्च्या हलवून तो चालण्यासाठी मोकळा करतात. याला चक्रव्यूह म्हणायचा मोह होतो, पण यात चुकायला एकही फाटा नाही. अकरा वलयांतून वळत जाणारी एकच वाट, सुमारे २६० मीटर, रुंदी जेमतेम वीतभर-दीड वीत. बरोबर मध्यापाशी आलोय असं वाटतं तेव्हा वाट बाहेरच्या कडेला फेकते. गोंधळू नका, परत फिरू नका. समोरून कुणी बाहेर येत असेल तर एकाने पाऊल बाजूला टाकून वाट द्यायची, एवढाच नियम. केंद्रात धातूच्या खुंट्यांची टोकं दिसतात. तिथली धातूची थाळी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात काढून वितळवली.

वरचा गुलाब आडवा पाडला तर तंतोतंत या चक्रावर बसतो, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. आकार जवळपास आहेत, तंतोतंत नाहीत.

फरशी दाराकडे किंचित उतरती आहे. यात्रेकरू रात्री इथेच झोपत, सकाळी पाणी ओतून धुवायला सोपं जावं म्हणून तसं केलं, असं सांगतात.

संध्याकाळ : उत्तर

उत्तर पडवीत दारापासून मोजत चला. पहिली, ४७, नोहाची : खाली सुतार, पिंपं करणारे आणि चाकं करणारे, म्हणजे ज्यांनी तारू बांधायला घेतलं असतं तीच माणसं. प्राण्यांच्या जोड्या पाहून झाल्या की पुरात बुडालेल्यांचा तक्ता शोधा, तो पटकन दिसत नाही. दुसरी, ४५, संत लुबँची : देणगी वाइनवाल्यांची, आणि त्यांनी जाहिरात करायची सोडलेली नाही. गाडीवरचं पिंप पाहा, आणि कडेने वरपर्यंत पेले धरलेली माणसं मोजा.

उत्तर गुलाब फ्रान्सची राणी ब्लांश (माहेर स्पेनमधलं कास्तील) हिच्या देणगीतला, १२३०च्या आसपासचा. कोपऱ्यांतल्या लहान काचांत फ्रान्सची लिलीची फुलं आणि कास्तीलचे पिवळे किल्ले एकाआड एक आहेत. माहेर आणि सासर दोन्ही. खालच्या पाचांत मधोमध मरियेची आई हन्ना, बाजूला मलकीसदेक, दावीद, शलमोन, अहरोन, आणि त्यांच्या पायांखाली एकेक वाईट राजा. दुर्बीण लावून इजिप्तच्या फारोपर्यंत जा.

वेळ उरला तर वेदीभोवतीची दगडी भिंत पाहा. १५१४ला सुरू होऊन अठराव्या शतकापर्यंत चाललेलं काम आहे, सुमारे दोनशे मूर्ती. तळघर फक्त गाईडबरोबर दाखवतात. २०० मीटरहून लांब आहे, आत ३३ मीटर खोल विहीर. मनोऱ्याचं तिकीट वेगळं. जिना गोल आणि अरुंद, गुडघ्यांची तक्रार असेल तर नको.

फोटो आणि वागणं

फोन आपणहून अंधाऱ्या भिंतीप्रमाणे उजेड ठरवतो, म्हणून काच पांढरी फटक येते. पडद्यावर काचेच्या सर्वांत उजळ जागी बोट ठेवा, उजेडाची पट्टी खाली ओढा, भिंत काळी झाली तरी चालेल. फ्लॅश नको; तो फक्त काचेवरची धूळ उजळतो.

चपला-बूट काढायचे नसतात, आणि हिवाळ्यात काढूही नका, दगड बर्फासारखा असतो. पुरुषांनी टोपी काढायची. मिस्सा चालू असताना मागे बसता येतं, पण प्रसादाची भाकर घ्यायला रांगेत कॅथलिकांनीच जायचं. इतरांनी जागेवर बसून राहिलं तर कुणाला वावगं वाटत नाही. मेणबत्ती लावायची असेल तर शेजारच्या पेटीत नाणी टाका. सुटे युरो जवळ असू द्या.

उन्हाळ्यात रात्री बाहेरच्या भिंतींवर रंगीत प्रकाशाचा खेळ करतात, फुकट. फक्त जूनमध्ये अंधार पडायलाच दहा वाजतात. तो पाहायचा असेल तर पॅरिसची शेवटची गाडी सकाळी उतरल्या उतरल्या फलकावर पाहून ठेवा, नाहीतर रात्रीची खोली शार्त्रमध्येच घ्या.